रागावरचं टिंब

मागच्या वर्षीचा 'राग' सुधीर खांबेटेला भेटला तो नर्मदाकाकूंच्या घरी, साबुदाण्याच्या खिचडीच्या पातेल्याखाली. पातेलं गरम होतं आणि काकूंना काचेच्या टेबलाची काळजी होती.

"तुमचा अंक फार उपयोगी हो," काकू मनापासून म्हणाल्या. "कागद चांगला जाड. चटका खालपर्यंत पोचत नाही. यंदाही हाच कागद ठेवा."

सुधीरने पातेल्याखालच्या अंकाकडे बघत खिचडी खाल्ली. 'राग' हे कुवेतमधल्या 'स्वरसंगत' मंडळाचं वार्षिक. सुधीर पोटासाठी कुवेत सिटीतल्या एका कंपनीत अकाउंटंट होता आणि जिवासाठी 'राग'चा संपादक होता. दर वर्षी तो जीव ओतून अग्रलेख लिहायचा. दर वर्षी मुखपृष्ठावर फिकट पिवळ्या रंगात एक वीणा, एक कमळ आणि कोपऱ्यात लाजून उभं असल्यासारखं बारीक अक्षरातलं नाव असायचं. अंक सभागृहाच्या दाराशी ठेवला जायचा आणि लोक त्याला वळसा घालून आत जायचे. एका नव्या सभासदाने एकदाच तो हातात घेतला होता. "रागावर ताबा कसा ठेवायचा, त्याचं आहे का हे?" त्याने विचारलं होतं. "आमचा मुदीर ऑफिसात सगळ्या स्टाफवर फार तडकतो. त्याला देईन म्हणतो." आतमध्ये यमन आणि भूप आहेत हे कळल्यावर त्याने अंक परत ठेवला.

तरीही सुधीरचं बरं चाललं होतं. पण यंदाच्या सभेत अध्यक्षा चारुशीलाताईंनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. त्यांनी चष्मा काढला की कुणाचं तरी काही तरी बंद होतं, हे सगळ्यांना ठाऊक होतं.

"सुधीर, या वेळी गठ्ठे परत आले, तर छापणं बंद. पुढच्या वर्षीपासून पीडीएफ करून व्हॉट्सअ‍ॅपवर टाकू."

"ताई, व्हॉट्सअ‍ॅपवर कोण वाचणार?"

"छापल्यावर कोण वाचतं?" ताईंनी विचारलं. यावर सभेतल्या दोघातिघांनी माना डोलावल्या, आणि सुधीरला तेच जास्त लागलं.

घरी आल्यावर त्याने ही हकीकत बायकोला, म्हणजे मेधाला सांगितली. मेधा शाळेत शिकवत असल्यामुळे तिला न वाचणाऱ्या लोकांची सवय होती. ती म्हणाली, "अरे, तुझा अंक आतून चांगलाय रे. पण बाहेरून तो आयुर्वेदिक चूर्णाच्या पुडीसारखा दिसतो."

तेवढ्यात त्यांची मुलगी, पूर्वी, खोलीतून बाहेर आली. ती डिझाइन शिकत होती. जन्मापासून कुवेतमध्ये वाढल्यामुळे मराठी तिला पूर्ण कळायचं, बोलता अर्धं यायचं आणि वाचता जेमतेम पाव. रॉक संगीताची जगभरची मासिकं जमवायचा तिला नाद होता, आणि ती मासिकं तिच्या खोलीत जमिनीपासून खिडकीपर्यंत रचलेली होती. आजवर सुधीरने त्या ढिगाकडे फक्त धूळ या दृष्टीने पाहिलं होतं.

"बाबा, कम हिअर," ती म्हणाली आणि त्याला आत घेऊन गेली. तिने अंक एकामागून एक जमिनीवर पसरले. जिकडेतिकडे काळे कुळकुळीत कागद, त्यावर लालभडक अक्षरं, काही अक्षरांना काटे, काहींना शेपट्या. प्रत्येक पानावर कोणी ना कोणी जबडा उघडून सुधीरवर ओरडत होतं.

"बघ, फेस किती मोठाय. आणि डोळे कुठे बघतायत?"

"माझ्याकडे," सुधीर दचकून म्हणाला.

"एक्झॅक्टली! दुकानात तू लांब असतोस ना, तरी तो तुलाच बघतो. तुझी वीणा कोणाकडे बघते?"

सुधीरने पुढचा अंक उचलला.

"आणि नाव बघ. डोकं नावाच्या पुढे आलंय. नाव थोडं झाकलं तरी चालतं, कॉन्फिडन्स दिसतो. मग ही वाक्यं. सगळं नाही सांगायचं, अर्धंच सांगायचं. माणसाला आत काय आहे ते बघावंसं वाटलं पाहिजे. कव्हर वाचत नाहीत बाबा, कव्हर ओरडतं."

"आणि अक्षरांच्या डोक्यावर ही टिंबं कसली?"

"ते रॉक डॉट्स. त्याचा उच्चार वगैरे काही नसतो. नुसतं डेंजरस दिसतं."

सुधीर बराच वेळ उकिडवा बसून ते अंक बघत राहिला. त्याला त्यातलं संगीत कळत नव्हतं, पण कोणी न सांगता आपण चार अंक उघडून बघितले हे त्याच्या लक्षात आलं. तो उठला आणि म्हणाला, "पूर्वी, यंदा मुखपृष्ठ तू कर. आपण रॉक विशेषांक काढू. पाहिजे तसं ओरड."

मुखपृष्ठावर ओरडायला कोण, हा प्रश्न पूर्वीनेच सोडवला. गेल्या गणपतीत तिने नर्मदाकाकूंचा भजन म्हणतानाचा फोटो काढला होता. काकूंची तान वर गेली होती, तोंड पूर्ण उघडं होतं, डोळे सरळ कॅमेऱ्यात होते आणि ताल दाखवणारं बोट समोर रोखलेलं होतं. पूर्वीच्या मते कुवेतमधल्या कुठल्याही मराठी माणसाच्या चेहऱ्यावर इतका रॉक नव्हता.

हे खरंच होतं, पण त्याचं कारण वेगळं होतं. भजनापलीकडे नर्मदाकाकूंचं आणखी एक खातं होतं. मंडळाच्या प्रत्येक कार्यक्रमात जेवणाच्या टेबलामागे त्या डाव घेऊन उभ्या असत, आणि "रांग! रांग धरा!" अशी त्यांची आरोळी आली की बँकेतले मॅनेजरसुद्धा प्लेट छातीशी धरून एकामागे एक उभे राहत. हा फोटो भजनाचा आहे हे फक्त पूर्वीला माहीत होतं.

पूर्वी इंग्रजीत वाक्यं सांगत गेली आणि मेधाने त्यांचं मराठी करून दिलं. रॉकच्या मैफिलीत लोक बसत नाहीत, या लेखासाठी 'उभे राहा!' विशेषांकासाठी 'कुवेतमध्ये पहिल्यांदाच!' आणि सगळ्यांत खाली, 'आत काय आहे? उघडल्यावरच कळेल!' एका कोपऱ्यातून निघालेली पिवळीजर्द वीज दुसऱ्या कडेपर्यंत नेली आणि तिला चांगलं टोक काढलं. 'राग' ही दोन अक्षरं पानभर मोठी केली, त्यांना काटे लावले आणि मग पूर्वी जरा मागे सरून बघत राहिली. तिला काहीतरी कमी वाटलं. तिने 'रा'च्या डोक्यावर एक लालभडक टिंब ठेवलं. आता कसं डेंजरस दिसलं!

सुधीरला हे मोबाइलवर आलं. त्याने आधी 'संपादक : सुधीर खांबेटे' शोधलं, ते सापडलं, आणि त्याचं समाधान झालं. वरचं लाल टिंबही त्याला दिसलं होतं. पण मोबाइलवर लाल टिंब दिसलं की कोणाचा तरी मेसेज वाचायचा राहिलाय, एवढाच अर्थ त्याला माहीत होता.

छापखाना शुवैखला होता आणि तो तौफीक बघायचा. तौफीक मूळचा रत्नागिरीकडचा, मराठी शाळेत सातवीपर्यंत शिकलेला. त्याने मुखपृष्ठ पाहिलं, पुन्हा पाहिलं आणि सुधीरला फोन लावला. सुधीर रिंग रोडवर गाडीत होता आणि तौफीकच्या मागे मशीन धडधडत होतं.

"सुधीरभाव, सलाम! तुमच्या कवरवर रांग हाय, ती तशीच ठेवू काय?"

"रंग? ठेव की! दिलाय तसाच ठेव."

"नाय म्हंजे, नक्की रांग?"

"अरे, रंगासाठीच तर एवढा खटाटोप केला. लोकांना लांबून दिसला पाहिजे!"

"बरं बाबा, तुमचा अंक," तौफीक म्हणाला. "मग मी म्हनतो, ह्याचा एक मानसाएवडा बोर्डपन करून देतो. दाराशी उभा करा. माज्याकडून भेट."

सुधीरला भरून आलं. इतक्या वर्षांत 'राग'ला कोणी काही भेट दिली नव्हती.

शुक्रवारी संध्याकाळी सालमियातल्या एका शाळेच्या सभागृहात मंडळाचा कार्यक्रम होता. अंकांचे गठ्ठे बाहेरच्या बोळातल्या खेळाच्या सामानाच्या खोलीत कुलपात ठेवले होते. मध्यंतरात ते बाहेर काढायचे असं ठरलं होतं. तौफीकचा माणसाएवढा बोर्ड कार्यकर्त्यांनी बोळाच्या तोंडाशी उभा केला आणि ते खुर्च्या लावायला आत गेले. बोर्डावरच्या विजेचं टोक नेमकं त्या कुलूपबंद दाराकडे होतं.

पहिलं जोडपं आलं. त्यांनी वाचलं : 'रांग. उभे राहा! कुवेतमध्ये पहिल्यांदाच!' मधोमध नर्मदाकाकू बोट रोखून ओरडत होत्या. जोडप्याने विजेच्या टोकाकडे पाहिलं, बंद दाराकडे पाहिलं आणि निमूटपणे दारासमोर जाऊन ते उभं राहिलं. त्यांच्या मागे एक कुटुंब आलं. एक कुटुंब उभं राहिलंय म्हटल्यावर तिसऱ्याने बोर्ड वाचायचीही तसदी घेतली नाही.

आत सुधीर माईकच्या वायरी सोडवत होता. चारुशीलाताई रंगमंचावर शालू नेसून बसल्या होत्या, कारण कार्यक्रमाची सुरुवात त्यांच्या नाट्यपदाने व्हायची होती. समोर सगळ्या खुर्च्या रिकाम्या होत्या. पहिल्या रांगेत तबलजीची बायको तेवढी होती आणि तिला यावंच लागत असे.

"सुधीर, लोक कुठायत?"

"ट्रॅफिक असेल, ताई. बघून येतो."

तो बाहेर आला आणि जागच्या जागी थांबला. बोळभर माणसं होती. रांग दारापासून निघून पाण्याच्या कूलरला वळसा घालून जिन्याखालून पार अंगणापर्यंत गेली होती. सुधीरने अगदी शेवटच्या माणसाला विचारलं, "कशाची रांग आहे हो?"

"ते पुढे गेल्यावर सांगतात," तो म्हणाला. "तुम्ही आधी माझ्या मागे लागा."

सुधीर पुढे निघाला. जिन्यापाशी हापूसच्या पेट्या वाटणार असल्याची खात्रीची बातमी होती. कूलरपाशी पासपोर्टचं काम जागच्या जागी करून देणार होते. तिथल्या एका काकांनी खबरदारी म्हणून खिशातून बताका काढून हातात धरला होता. कुवेतमध्ये रांग म्हटली की ओळखपत्र लागतंच. त्यांचं बघून पुढच्यामागच्या सगळ्यांनी आपापले बताके हातात घेतले होते. शाळेचा हारिस, म्हणजे इजिप्तचा राखणदार, त्यालाही रांग बघून राहवलं नव्हतं. सरकारी कार्यालयात असते तशी बायकांची वेगळी रांग त्याने भिंतीच्या बाजूला लावून दिली होती, आणि "यल्ला, यल्ला!" करत तो दोन्ही रांगांमधून फिरत होता. आजवर शाळेत त्याला इतका मान कोणी दिला नव्हता.

"ओ, मधे कुठे?" कोणीतरी सुधीरचा शर्ट धरला.

"मी मंडळाचा आहे हो!"

"आम्ही काय दुसऱ्या मंडळाचे?"

कसाबसा तो बोर्डापर्यंत पोचला. अंकाचं नाव त्याने पहिल्यांदाच माणसाएवढ्या आकारात वाचलं. मग ते टिंब त्याने वाचलं. मग तौफीकचा फोन त्याला पुन्हा एकदा ऐकू आला, या वेळी मशीनच्या आवाजाशिवाय. सगळे अंक असेच छापले गेले होते. आता छपाई बंद होणार हे नक्कीच, वर मंडळात हसं होणार. त्याला अगदी रडायला आलं.

"मंडळी!" तो खुर्चीवर चढून ओरडला. "गैरसमज झालाय! ही रांग नाही! हा राग आहे!"

"राग आम्हालाही आलाय," बताकेवाले काका म्हणाले. "किती वेळ उभे आहोत. पण आम्ही ओरडतोय का?"

"अहो, राग म्हणजे तो राग नव्हे!"

"कुठलाही असू दे. राग काढायचा नाही, मागे जाऊन उभं राहायचं."

"तुम्ही आत चला ना, गाणं सुरू होतंय!"

"आणि नंबर गेला म्हणजे?" एक बाई म्हणाल्या. हा विचार सगळ्यांनाच पटला आणि रांग आणखी घट्ट झाली. सुधीर खुर्चीवरून उतरला, पण त्याची खुर्ची तेवढ्यात एका आजोबांनी रांगेत ओढून घेतली.

अशा वेळी नर्मदाकाकू आल्या. मसालेभाताची पातेली मागून दुसऱ्या गाडीतून यायची होती. दोन सरळ रांगा, हातात ओळखपत्रं, कुठे गडबड नाही, हे दृश्य पाहून त्या दारातच थबकल्या. आयुष्यभर घसा फोडून जे जमलं नव्हतं, ते त्यांच्या नुसत्या फोटोने करून दाखवलं होतं. त्यांचे डोळे पाणावले.

"काकू, वाचवा!" सुधीर हात जोडून म्हणाला. "तुमचं ऐकतील. रांग मोडायला सांगा."

"मोडायला?" काकूंना धक्काच बसला. "सुधीर, लागलेली रांग मोडवत नाही रे मला. उभी केलीस ना, मग काहीतरी दे त्यांच्या हातात!"

"भात आलाय?"

"भात मागे आहे, सिग्नलला."

पूर्वी इतका वेळ भिंतीला टेकून हे सगळं मोबाइलवर टिपत होती. आपल्या एका टिंबाने एवढी माणसं थांबवली, याचा तिला खरं तर अभिमानच वाटत होता. ती पुढे आली आणि बापाच्या कानाशी म्हणाली, "बाबा, दे आर ऑलरेडी इन लाइन. त्या दारामागे काय आहे?"

सुधीरने दाराकडे पाहिलं. दारामागे 'राग' होता.

हारिसने ऐटीत कुलूप काढलं. काकू दारात उभ्या राहिल्या आणि त्यांनी आरोळी ठोकली, "एकाला एकच! घेतला की आत जाऊन बसायचं! दुसऱ्यांदा येणाऱ्याला मी ओळखते!"

एकाला एकच मिळणार म्हटल्यावर ती वस्तू मौल्यवान आहे, हे सगळ्यांना कळलं. पहिल्या जोडप्याने बताका दाखवला, अंक घेतला आणि तो छातीशी धरून ते आत गेलं. कोणी "हे काय?" असं विचारलं नाही. एवढं उभं राहून मिळालेल्या गोष्टीला "हे काय?" म्हणायला जीव धजत नाही. बताकेवाल्या काकांनी जरा धीर करून विचारलं, "माझी मिसेस आज आली नाहीये. तिचा मिळेल का?"

"तिला पाठवा," काकू म्हणाल्या.

बघता बघता गठ्ठे संपले. सगळ्यात शेवटच्या माणसाला मिळाला नाही आणि त्याने आयोजनात कसा गोंधळ आहे यावर सुधीरला चांगलं ऐकवलं. सुधीर त्याची क्षमा मागत होता, पण आतून त्याला गुदगुल्या होत होत्या.

सभागृह गच्च भरलं. चारुशीलाताईंनी पद सुरू केलं. आता रांगेत मिळालेली गोष्ट हातात असताना माणूस ती उघडणारच. सगळ्यांनी अंक उघडले. पूर्वीने आतली पानंही तशीच केली होती, कुठे फाटल्यासारखा कागद, कुठे तिरक्या ओळी, मधोमध काकूंचं दुपानी पोस्टर. त्यामुळे एक पान पाहिलं की दुसरं उलटावंसं वाटत होतं. एरवी ताईंच्या पदाला लोक चहाचा वास घेत बाहेर सटकायचे. आज कोणी हललं नाही, कोणी बोललं नाही, सगळ्यांच्या माना खाली होत्या. एकाच वेळी पानं उलटल्याची सळसळ झाली की ताईंना ती दाद वाटायची, आणि त्या तीच ओळ आणखी घोळून घ्यायच्या.

दुसऱ्या दिवशी त्यांचाच फोन आला. सुधीरने तो उभ्यानेच घेतला.

"सुधीर, काल श्रोते काय तल्लीन झाले होते रे! माना वर करायला तयार नाहीत!"

"हो ताई, मी पाहिलं."

"आणि अंक सगळे गेले म्हणे. मग छपाई चालू ठेवू आपण. नाव काय ते 'रांग' ठेवा नाहीतर 'राग' ठेवा, मला फरक पडत नाही. फक्त पुढच्या मुखपृष्ठावर नर्मदाताई नकोत. मी तोंड त्यांच्यापेक्षा मोठं उघडू शकते."

सुधीरने फोन ठेवला आणि सोफ्यावर बसला. सगळं छान झालं होतं. अंक वाचला होता. पण संपादकाचा जीव फार हावरा असतो. अंक संपले हे खरं, लोकांनी पानं उलटली हेही खरं. पण पूर्वीची चित्रं पाहून झाल्यावर त्याच्या अग्रलेखावर कोणी थांबलं असेल का, हा किडा त्याच्या डोक्यात वळवळू लागला. त्याने मेधाला विचारून पाहिलं. मेधा म्हणाली, "मी वाचलाय की." पण बायकोचं वाचन धरता येत नाही.

तेवढ्यात पुन्हा फोन वाजला. नंबर ओळखीचा नव्हता.

"खांबेटे मा? मी लवू बोलतंय, मीना अब्दुल्लासून. थयल्या रिफायनरीत आसंय. त्या रांगेच्या पुस्तकातलो पयलो लेख तुमीच लिवलात?"

"अग्रलेख? हो, मीच."

"काय लिवलात ओ? तिसऱ्या पानार तुमी भजनातल्या पखवाजाक ढोलकी म्हटलात! माजो बापूस सगळो जन्म पखवाज वाजवीत रवलो. पखवाज खंय, ढोलकी खंय! आणि शेवट केवडो लांबवलात! माका मधीच जांभई इली."

सुधीर सावरून बसला. "म्हणजे तुम्ही शेवटपर्यंत वाचलात?"

"मग? दोनदा वाचलंय. पयल्या वेळेक वाटला, माजीच चूक होतली. सगळोच भाग चुकीचो लिवलो आसा तुमी!"

"बोला ना," सुधीर म्हणाला. "अगदी सावकाश बोला. आणखी काय काय चुकलंय?"

लवूने बरंच काही सांगितलं. त्याने तालाच्या चुका काढल्या, भाषेच्या काढल्या, मग संपादकाची अक्कल काढली. सुधीर डोळे मिटून "हो, हो, अगदी बरोबर" म्हणत ऐकत होता आणि त्याच्या चेहऱ्यावर असं काही तेज आलं होतं की स्वयंपाकघरातून बाहेर आलेली मेधा हात पुसता पुसता थांबली.

"कोणाचा रे फोन?" तिने हळूच विचारलं.

सुधीरने फोनवर हात ठेवला.

"वाचकाचा," तो म्हणाला.